उतरायला नको होतं

"ही शुड नॉट हॅव एंटर द टँक," जितेश म्हणाला.

"एंटर्ड," रिया म्हणाली. "शेवटी ड लाव. परत."

"ही शुड नॉट हॅव एंटर्ड द टँक."

"म्हंजे काय रं?" ओटीच्या कोपऱ्यातून धाकलूने विचारलं.

बाराव्याचं जेवण उरकून पाहुणे मघाशीच गेले होते. मागच्या दारी जितेशची आई माधवी आणि रियाची आई सुनिता या दोघी जावा भाड्याने आणलेली पातेली घासत होत्या, आणि समोरच्या हायवेवरून ट्रेलर गेला की ओटीवरच्या स्टीलच्या तांब्याला बारीक कापरं भरत होतं. धाकलूचं वय झालं असलं तरी कान शाबूत होते. आपल्याला मुद्दाम उत्तर दिलं जात नाही, एवढं त्याला कळलं. त्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि पुन्हा विचारलं, "मी घरातलाच हाय ना अजून? का माझाबी बारावा घातला?"

"आजोबा, उद्याच्या चौकशीचं शिकवतेय," रिया म्हणाली.

"ते दिसतंय. काय शिकवत्येस, ते इचारतोय."

खरं सांगायचं तर ते वाक्य मराठीत म्हणायचा रियाला धीर नव्हता. दहिवलीच्या क्लासमध्ये ती पोरांना हेच शिकवायची. मनाई आणि पश्चात्ताप हा एकच धडा होता आणि तो फळ्यावर मधोमध रेघ मारून शिकवायचा. डाव्या बाजूला मस्ट नॉट, नॉट अलाउड, स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड. हे सगळं अजून घडायचं असतं तेव्हाचं. उजव्या बाजूला शुड नॉट हॅव, आय विश आय हॅड नॉट, आय रिग्रेट. हे घडून गेल्यावरचं. पोरं उदाहरणं द्यायची: मी मोबाइल पाण्यात पाडायला नको होता, मी त्या पोरीला मेसेज करायला नको होता. वर्ग हसायचा, ती पण हसायची. आणि आज तिच्या बापाच्या बाराव्याला, बापाच्या फोटोसमोर बसून, ती चुलतभावाला शिकवत होती की माझ्या बापाने टाकीत उतरायला नको होतं.

"म्हंजे असं आजोबा," ती म्हणाली, "की पप्पांनी टाकीत उतरायला नको होतं."

मागच्या दारी घासणीचा आवाज थांबला.

"हां," धाकलू म्हणाला. "बैल गेला नि झोपा केला. इंग्रजीत त्याला एवढं शिकावं लागतं व्हय?"

रियाला एकदम हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. तिचा बाप धाऊ असता तर त्याने म्हाताऱ्याला तिथल्या तिथे इंग्रजी सुनावलं असतं. कंपनीतल्या पाट्या वाचता याव्यात म्हणून तो रोज जेवणानंतर लेकीसमोर मांडी घालून बसायचा आणि तिला 'बाई' म्हणायचा. "बाई, आज कोणती मनाई?" डू नॉट एंटर, डू नॉट टच, नो स्मोकिंग. म्हातारा अंगणात थुंकला की हा ओरडायचा, "बाबा, नो स्पिटिंग! स्ट्रिक्टली!" सातवीत शाळा सोडलेला माणूस. मनाया सगळ्या पाठ झाल्या होत्या त्याच्या. फळ्याच्या उजव्या बाजूपर्यंत मात्र दोघं पोचलीच नाहीत.

"पुढचं म्हण, दादा," ती जितेशला म्हणाली. "ते विचारतील, वॉज देअर अ टॅग ऑन द व्हॉल्व्ह?"

"नो सर. देअर वॉज नो टॅग." हे त्याने धडाधडा म्हटलं. "ही न्यू द रूल. ही शुड नॉट हॅव एंटर्ड द टँक विदाउट द टॅग. आय रिग्रेट द... द..."

"द लॉस ऑफ माय अंकल."

"द लॉस ऑफ माय अंकल."

त्याच्या कपाळावर घाम होता. रियाला वाटलं, इंग्रजीची धास्ती.

*

आता सुनीलचं सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हा माणूस पहिल्यापासूनच काळ्या मनाचा. तसं काही नव्हतं. सुनील हा धाकलूचा थोरला. कुंभिवलीच्या कंपनीत माणसं पुरवायचं मुकादमाचं काम तोच करायचा. धाकट्या धाऊला कंत्राटावर टाक्या साफ करायला त्यानेच लावलं, आणि स्वतःच्या पोराला, जितेशला, आयटीआय झाल्यावर वरच्या माळ्यावर ऑपरेटर म्हणून त्यानेच चिकटवलं. चुलता खाली टाकीत, पुतण्या वर वॉलवर, म्हणजे व्हॉल्व्हवर. "घरची माणसं घरच्यांच्या नजरेसमोर," असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

त्या दिवशी नजरेसमोर काही राहिलं नाही. टाकीत माणूस असला की वॉलला लाल टॅग लावायचा, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, ऑपरेट करू नका, आत माणूस आहे. टॅग कुलपात, किल्ली सेफ्टीवाल्याकडे आणि सेफ्टीवाला जेवायला गेलेला. धाऊ थांबला नाही. थांबला की फोरमन शिव्या द्यायचा. तो उतरला आणि तळाचा थर खरवडू लागला. शिफ्ट बदलली, जितेश वर आला, टॅग दिसला नाही आणि त्याने टाकीत नायट्रोजन सोडणारा वॉल फिरवला. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसतं डोकं गरगरतं आणि तो खाली बसतो. धाऊ खरवडणी हातात धरून बसला तो बसलाच. खोपोलीला दवाखान्यात नेला तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं फक्त बापलेकांना. दवाखान्याच्या मागे पार्किंगमध्ये जितेशने बापाच्या शर्टाला धरून सांगितलं होतं, "पप्पा, वॉलला काकाचा पंचा बांधलेला व्हता. मी सोडला." आणि पँटच्या खिशातून तो लाल पंचा काढून बापाच्या हातात ठेवला होता.

सुनीलने तो दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळीच्या बंबात घातला. घालताना डोळ्यांतून पाणी आलं, पण घातला. भाऊ गेला होता. पोरगा होता. कोणत्या बापाने दुसरं काय केलं असतं, असं तो बारा दिवस स्वतःला विचारत होता, आणि बारा दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

उद्या कंपनीची चौकशी. बाहेरच्या देशातले दोन साहेब कंप्युटरच्या पडद्यावर दिसणार होते. मॅनेजर सुनीलला बाजूला घेऊन म्हणाला होता, "दुभाष्या आपलाच आहे, पण पोराने चार वाक्यं इंग्रजीत म्हटली तर बरं. पोराच्या तोंडचं साहेबांना खरं वाटतं. टॅग नव्हता, माणूस नियम मोडून उतरला, विषय संपला. नाहीतर पुढे पोलीस आहेतच." म्हणून सुनीलने रियाला गाठलं. "तुझ्याशिवाय घरात इंग्रजीवालं हाय कोण, बाळा?" असं म्हटलं तेव्हा आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. पण बुडत्याला कसला विधिनिषेध!

"बस झालं आता," ओटीवर बसून ऐकणारा सुनील म्हणाला. "येतंय त्याला. रिया, जा गं, तू थोडी पड. दमलीस."

"नाय मोठे पप्पा, अजून प्रश्न राहिलेत."

"कसले प्रश्न? ते काय परीक्षा घेणारेत?"

"घेणारच," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, नीट शिकव म्हणून?"

*

धाकलू उठला, भिंतीला धरत धरत फोटोपाशी आला आणि फोटोखालची पिशवी त्याने ओढली. कंपनीने धाऊच्या वस्तू त्या पिशवीतून पाठवल्या होत्या. डबा, चपला, मोबाइल, तंबाखूची डबी. त्याने एकेक वस्तू काढून बाजूला मांडली आणि पिशवी उलटी करून झटकली.

"सुनिता! ए सुनिता! हितं ये जरा."

सुनिता राखेचे हात तसेच घेऊन आली. तिच्या मागोमाग माधवी. तिला काही ठाऊक नव्हतं, पण नवरा आणि पोरगा बारा दिवस एकमेकांकडे बघत नाहीत, एवढं तिने पाहिलं होतं, आणि बाईमाणसाला तेवढं पुरतं.

"धाऊचा पंचा कुठं हाय?" धाकलू म्हणाला. "दिवस मावळायच्या आत पोरीच्या खांद्यावर टाकायचा हाय. आपल्यात बाराव्याला बापाचा पंचा पोराच्या खांद्यावर टाकतात. पोरगा नाय म्हणून काय झालं? रियाच पोरगा."

"पिशवीत नाय?"

"असता तर तुला हाक मारली असती?"

सुनिता वस्तूंकडे बघत राहिली. "गेले तवा खांद्यावर व्हता," ती म्हणाली. "लाल. मीच आदल्या दिवशी धुतलेला. निघताना मला म्हणाले, साबण जास्त घातलास, अंगाला चिकटतोय."

"पडला असंल कुठंतरी," सुनील म्हणाला. "दवाखान्यात, गाडीत. त्या गडबडीत कोण बघतंय पंचा? बाबा, दुसरा नवीन आणतो मी, आत्ता खालापुरातून आणतो."

"नवीन काय करायचा? नव्याला मेलेल्याचा घाम लागलाय का?" म्हातारा तिथेच खाली बसला. "आणि धाऊचा पंचा पडणार नाय. टाकीत उतरला ना तो? मग पंचा बांधूनच उतरला असंल."

जितेशचा हात गुडघ्यावर होता तो मुडपला गेला. रियाने ते पाहिलं.

"बांधून म्हणजे?" तिने विचारलं.

धाकलूचं तोंड फोटोकडे होतं. "आपली विहीर व्हती ना, हायवेच्या पल्याड, रस्ता रुंद करताना बुजवली ती? तिचा गाळ काढायला आमीच उतरायचो. उतरायच्या आधी आपला पंचा रहाटाला बांधायचा. रहाटाला पंचा दिसला की समजायचं, आत माणूस हाय. रहाटाला हात लावायचा नाय, वरून घागर सोडायची नाय, खडासुद्धा टाकायचा नाय. आणि ज्याचा पंचा त्यानंच वर येऊन सोडायचा, दुसऱ्यानं नाय. सख्खा भाऊ असला तरी नाय. धाऊ एवढासा असताना मी त्याला शिकवलंय. एकदा सुनीलनं मस्करीत सोडला व्हता, तवा मी याला चिंचेच्या फोकानं फोडला व्हता. आठवतंय का रं?"

सुनीलला आठवत होतं. त्या आठवणीनेच तर त्याने तो पंचा जाळला होता.

"मला कोणी नाय सांगितलं हे," जितेश एकदम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि हा तर नको त्या वेळी, न विचारता गेला होता.

"तुला कशाला सांगायचं? तू जन्मलास तवा दारात नळ आलेला," धाकलू म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा आवाज बारीक होत गेला.

रियाने पाठ ताठ केली. क्लासमध्ये तोंडी परीक्षा घेताना बसायची तशी ती बसली, आणि ज्या आवाजात परक्या पोरांना विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं, "मिस्टर जितेश, वॉज देअर अ टॅग ऑन द व्हॉल्व्ह?"

"नो सर. देअर वॉज नो टॅग."

"वॉज देअर एनिथिंग ऑन द व्हॉल्व्ह?"

हा प्रश्न पाठ केलेल्यांत नव्हता.

"रिया, पुरे म्हणलं ना!" सुनील उठून उभा राहिला.

"काय इचारलंस गं त्याला?" धाकलू म्हणाला.

"वॉलवर दुसरं काय होतं का, असं विचारलं," रिया म्हणाली. तिचे डोळे जितेशवरून हलले नाहीत. "सांग दादा. उद्या ते पण विचारतील. एनिथिंग?"

जितेशने बापाकडे पाहिलं. सुनीलने मान हलवली, नको. ती मान माधवीनेही पाहिली आणि तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"पंचा व्हता," जितेश म्हणाला.

*

त्यानंतर जो गलका झाला त्यात कोण आधी बोललं आणि कोण नंतर, हे कोणालाच सांगता आलं नसतं. "कुठं हाय?" असं धाकलू विचारत होता, पुन्हा पुन्हा तेच, कुठं हाय, कुठं हाय, आणि शेवटी सुनील ओरडला, "जाळला! मी जाळला! बंबात घातला!"

धाकलू उठला. एवढं वय झालेला माणूस, पण कोणाच्या आधाराशिवाय उठला आणि त्याने थोरल्या पोराच्या थोबाडीत दिली. आवाज मोठा नव्हता. म्हाताऱ्याच्या हातात आता तेवढा जोर कुठला? पन्नाशीचा सुनील तरी गाल धरून लहान पोरासारखा उभा राहिला.

"माझ्या धाऊचा पंचा बंबात घातलास? आणि त्याच पाण्यानं आमी अंघोळी केल्या?"

"मग काय करू, बाबा? पोराला आत पाठवू? भाऊ गेला माझा. मला दुःख नाय? तुमाला वाटतंय का मला दुःख नाय? पण पोराला काय ठाऊक व्हतं हो! त्याला वाटलं कोणी वाळत घातलाय!"

"वाळत?" सुनिता म्हणाली. या गलक्यात ती पहिल्यांदा बोलली. "गाठ मारून वाळत घालतात?"

माधवी पुढे आली आणि तिने धाकट्या जावेचे पायच धरले. पंचवीस वर्षं या दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला होता, मिठावरून आणि पाण्यावरून भांडल्या होत्या, पण माधवी कधी वाकली नव्हती. "सुनिता, बाय गं, पोरगा तुझ्याबी मांडीवर वाढलाय. तुझ्या हातनं घास खाल्लाय त्यानं. मुद्दाम केलं का त्यानं? तूच सांग. उद्या त्यानं असं काय सांगितलं तर त्याला नेतील गं. आयुष्य जाईल त्याचं. तुझा माणूस तर परत येणार नाय."

"मोठी आई, ऊठ," रिया म्हणाली. "आईचे पाय सोड. सोड म्हणतेय ना!" आणि मग तिचा आवाज फाटला. "मला शिकवायला बसवलंत तुम्ही! माझ्याकडून वदवून घेतलंत, माझ्या बापाची चूक, माझ्याच तोंडून! ड लाव म्हणाले मी त्याला! ड लाव!"

"तू गप बस," सुनील म्हणाला. "तुला काय कळतं?"

"मला कळतंय म्हणूनच तर मला बसवलंत!"

"गप!" धाकलू म्हणाला. "सगळी गप बसा."

म्हातारा फोटोखाली बसला आणि वस्तूंकडे बघत राहिला. त्याच्या पोटात काय चाललं होतं ते सांगायचं तर असं: धाकटा त्याचा लाडका. थोरला आज्ञेतला, पण धाकटा लाडका. आणि नातू एकुलता. लाडक्याचं नाव मातीत जाणार की नातू आत जाणार, असं त्याच्यासमोर मांडलं गेलं होतं आणि दोन्हीकडून हातच कापायचा होता. लहानपणी या पोराला आपण विहिरीवर नेलं असतं तर? पण विहीर होती कुठे न्यायला! तिच्यावरून आता ट्रेलर जात होते.

"एक गेला," तो शेवटी म्हणाला. कोणाकडे न बघता म्हणाला. "दुसरा घालवू नका. धाऊ असता तर त्यानंबी हेच सांगितलं असतं. माझी चूक धरा, पोराला सोडा, असंच म्हणाला असता तो. जितेशनं शिकलाय तसं बोलावं. पंच्याचं नाव काढू नये."

सुनीलने श्वास सोडला. माधवी भिंतीला टेकून रडायला लागली. रिया आजोबांकडे बघत राहिली. आतापर्यंत तिला वाटत होतं की म्हातारा आपल्या बाजूचा आहे.

"आजोबा, म्हणजे पप्पा नियम मोडून उतरले, असं लिहिलं जाणार कायमचं."

"लिहू दे. इंग्रजीत लिहिणार ना? आपल्यात कोण वाचणार हाय?"

"मी वाचणार हाय," रिया म्हणाली.

*

सुनिता अजून राखेचे हात घेऊन उभी होती. भिवपुरीची ही पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने ते कधी सांगितलंही नव्हतं. धाऊ विचारायचा, पण तो एकटाच. आताही तिला कोणी विचारलं नाही. सासऱ्याने सांगितलं, दिराने मान हलवली, झालं. तिच्या मनात राग होता की काय होतं, तिला स्वतःलाच उमगत नव्हतं. एवढंच दिसत होतं की धाऊने गाठ मारली असणार, त्याची ती दुहेरी गाठ, जी तिला धुताना दातांनी सोडवावी लागायची, आणि ती कोणीतरी बसून सोडवली.

"बाबा, तुमी म्हणाल ते," ती म्हणाली.

"आई!"

"थांब गं." तिने हात पदराला पुसले आणि जितेशच्या समोर येऊन बसली. "मघापास्नं हा इंग्रजीत काय म्हणतोय ते मला कळत नाय. मला कळत नाय म्हणून लागत नाय. आणि मला वाटतं, यालाबी लागत नाय. पोपटासारखा म्हणतोय. जितेश, उद्या तिकडं जे म्हणणार हायेस ना, ते आता मराठीत म्हण. माझ्याकडं बघून. एकदाच म्हण. म्हणलास, तर उद्या मला इचारलं तरी मी तेच सांगेन. पंच्याचं नाव काढणार नाय. माझ्या मेलेल्या माणसाची शपथ."

"सुनिता, कशाला हे?" सुनील म्हणाला. "त्यानं काय साधणार हाय?"

"भाऊजी, माझ्या नवऱ्याची चूक हाय असं सगळ्या जगाला सांगणार, मग एकदा मला सांगायला काय हरकत हाय?"

माधवीने पोराला डोळ्यांनी विनवलं, म्हण बाबा, एकदाच म्हण आणि सूट.

जितेशने मान वर केली. "काकानं," तो म्हणाला आणि थांबला. "काकी, काकानं टाकीत..."

सुनिता त्याच्याकडे बघत होती. लहानपणी ताप आला की मांडीवर घेऊन बघायची, तसंच.

"काकाला नियम ठाऊक व्हता," त्याने दुसरीकडून सुरुवात केली. "तरी काका... काकानं उत... उतरायला..."

शब्द काही अवघड नव्हते. मघाशी इंग्रजीतले त्याने घोटून घोटून पाठ केले होते, जीभ वळवून, ड लावून. हे त्याच्या आईच्या दुधातले होते आणि तेच तोंडातून निघत नव्हते. त्याने सुनिताकडून नजर काढून फोटोकडे नेली, तिथून चपलांकडे, आणि मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काकी, गाठ सुटत नव्हती," तो हातांच्या आडून म्हणाला. "नखांनी सोडवली मी. फोरमन खालून बोंबलत व्हता, बॅच लाव, बॅच लाव म्हणून. मला वाटलं, अशी गाठ आपल्या काकाचीच असते. हे माझ्या डोक्यात आलं व्हतं, काकी. खरंच आलं व्हतं. तरी मी आवाज नाय दिला. घडी घालून खिशात ठेवला, म्हणलं घरी गेल्यावर देऊ. आणि वॉल फिरवला."

सुनील ओटीच्या पायरीवर जाऊन बसला, सगळ्यांकडे पाठ करून. हे शेवटचं, डोक्यात आल्याचं, त्यालाही पोराने सांगितलं नव्हतं.

धाकलू म्हणाला, "अरारा." एवढंच.

सुनिताला वाटलं, आपण याला मारू. हात उचललाही होता. तो तसाच खाली मांडीवर आला.

"हे उद्या तिकडं सांग," ती म्हणाली.

"सुनिता, पोर जाईल गं माझं," माधवी म्हणाली.

"जाईल, ताई. माझा गेलाच हाय. पण त्याच्या तोंडाला काळं फासून मी याला वाचवू, असं मला सांगू नका. मला नाय जमायचं." मग ती सासऱ्याकडे वळली. "बाबा, मी तुमचा शब्द मोडत्येय. मोडला. घरात ठेवायची तर ठेवा, नाय तर मी भिवपुरीला जाते."

धाकलू ठेवतो असंही म्हणाला नाही आणि जा असंही नाही. त्याने धाऊच्या चपला उचलल्या, एकमेकांना चिकटवून भिंतीशी नीट ठेवल्या आणि फोटोकडे पाठ करून बसून राहिला.

सुनिता मागच्या दारी गेली. राहिलेली पातेली परत करायची होती, ती घासायला तिला आता एकटीनेच बसावं लागलं.

ओटीवर बोलण्यासारखे जितेश आणि रियाच उरले. जितेशने डोळे पुसले. "रिया," तो म्हणाला, "उद्या दुभाष्या असेल. पण तो मॅनेजरचा माणूस हाय. तो भलतंच सांगेल. मला इंग्रजीत सांगायला पायजे. मला येत नाय ते. तू..."

तिला वाटलं, उठून आत जावं. याच्याकडे जन्मात बघू नये. राखी बांधलेला हात होता तो, आणि त्याच हाताची नखं.

"मी तुला माफ केलेलं नाय," ती म्हणाली.

"हां."

"करीन असं पण समजू नकोस."

"नाय समजत."

ती समोर बसली. बापासमोर बसायची तशीच, मांडी घालून. "म्हण. आय सॉ हिज क्लॉथ ऑन द व्हॉल्व्ह."

"आय सॉ हिज क्लॉथ ऑन द व्हॉल्व्ह."

"आय शुड नॉट हॅव रिमूव्ह्ड इट."

तो 'आय' म्हणाला आणि पुढे त्याला हुंदका आला. पायरीवरच्या सुनीलची पाठ हलली.

"रडत म्हणालास तर पडद्यावर त्यांना ऐकू येणार नाय," रिया म्हणाली. "आणि मग दुभाष्या बोलेल. नीट म्हण."

"आय शुड नॉट हॅव रिमूव्ह इट."

ड राहिला होता. तिने ओठ दातांत धरले, सोडले.

"परत," ती म्हणाली.